पहाटे मासे पाण्यावर तोंड का काढतात? शेततळ्याचं बिघडलेलं पाणी पुन्हा माशांच्या लायक कसं होतं

संध्याकाळी सगळं ठीक होतं. मासे खाद्यावर तुटून पडले होते. सकाळी सहाला माणूस तळ्यावर गेला तर काठाला पांढरी पोटं तरंगत होती. दीड-दोन किलोचे कटला मेलेले, लहान मासे मात्र पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडझाप करत जिवंत.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरमध्ये, शेततळ्यात मासे सोडणाऱ्याला हे चित्र ओळखीचं आहे. त्यानंतर बहुतेक वेळा एकच वाक्य कानावर येतं: "कुणीतरी विष कालवलं." बांधावरून आधीच धुसफूस असलेल्या भावकीत हे वाक्य फार महाग पडतं. संशय, तक्रार, पोलीस ठाणं, आणि पुढची कित्येक वर्षं बोलणं बंद.

विष कालवण्याचे प्रकार होतात, हे खरं. पण रात्रीतून मोठे मासे मरणं आणि लहान वाचणं ही विषाची नाही, प्राणवायू संपल्याची खूण आहे. आणि प्राणवायू एका रात्रीत संपला असला, तरी त्याची तयारी कित्येक महिने चाललेली असते.

नगरमध्ये खाजगी तळी आली कुठून?

हा जिल्हा पावसाच्या बाबतीत एक नाही. अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीला पाऊस थांबत नाही, आणि पारनेर, कर्जत, पाथर्डीकडे तो येईलच याची खात्री नाही. जिल्ह्याची सरासरी साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर. त्यामुळे पाणी साठवण्याची सवय इथे जुनी आहे. नगर शहराजवळचा निजामशाहीतला फराह बागेचा महालसुद्धा एका मोठ्या हौदाच्या मधोमध बांधलेला होता.

आजची शेततळी आली ती फळबागांमुळे. संगमनेर-पाथर्डीचं डाळिंब, राहात्याचा पेरू, श्रीगोंद्याचं लिंबू, या बागांना एप्रिल-मे काढायचा तर पाणी हाताशी हवं. २०१६ मध्ये राज्य सरकारने 'मागेल त्याला शेततळे' योजना आणली. तिच्यात ५० हजार रुपयांपर्यंत अनुदान होतं आणि तळ्याचं मोठं माप होतं ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. फलोत्पादन अभियानातून याहून मोठी सामूहिक तळीही झाली. मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही म्हणून त्यांत प्लास्टिकचं अस्तर आलं. शेतकरी त्याला सरळ 'कागद' म्हणतात.

पाणी साठलंच आहे तर मासे सोडू, हा त्यापुढचा विचार. तो चुकीचा नाही. इस्रायलमध्ये सिंचनाच्या साठवण तलावांत मासे वाढवण्याची पद्धत कित्येक दशकं चालू आहे. पण तिथे तलाव बांधतानाच माशांचा विचार केलेला असतो. आपल्याकडचं शेततळं बागेसाठी बांधलेलं असतं, मासे मागाहून आलेले भाडेकरू. बिघाडाची सुरुवात तिथूनच होते.

तळ्याला तोंड आहे, पण खालून वाट नाही

३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात, बाजूचा उतार एकास एक धरला तर, सुमारे २,१९६ घनमीटर म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावतं. आकडा मोठा वाटतो. पण नदीचं पाणी वाहतं, धरणाचं बदलतं, शेततळ्याचं तसं नसतं. आत जे पडतं ते आतच राहतं.

रोज १० किलो खाद्य टाकलं आणि त्यात २८ टक्के प्रथिनं असली, तर त्या खाद्यातून सुमारे ४५० ग्रॅम नत्र पाण्यात उतरतं. माशाच्या अंगी त्यातलं साधारण पाव ते तीस टक्केच लागतं. उरलेलं, म्हणजे तीनशे ग्रॅमच्या आसपास, कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात येतं. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर रोज जवळपास सातशे ग्रॅम युरिया तळ्यात भिरकावल्यासारखंच आहे. महिन्याला वीस किलो. डाळिंबाला इतकं खत मोजून देणारा माणूस तळ्याला मात्र न मोजता देत असतो.

त्या खतावर पीक येतं ते शेवाळाचं. पाणी हिरवं होतं. थोडं हिरवं चांगलंच. त्यातलं प्लवंग कटला आणि चंदेरा माशांचं अन्न आहे. पण मटाराच्या सूपासारखं दाट हिरवं पाणी म्हणजे उधारीवरचा थाट.

त्यात पाण्याची मोटार. ठिबकच्या नळ्या चोंदू नयेत म्हणून बहुतेक जण मोटारीचं तोंड ड्रमला बांधून वरच्या थरात तरंगतं ठेवतात. बागेच्या दृष्टीने शहाणपण आहे. पण त्यामुळे वर्षभर वरचं चांगलं पाणी बाहेर जातं, आणि विष्ठा, न खाल्लेलं खाद्य, मेलेलं शेवाळ, वाऱ्याने आलेली माती असा तळाचा काळा गाळ जागच्या जागी राहतो. मातीच्या तळ्यात तळाची जमीन यातलं बरंच पचवते. कागदावर माती नाही, त्यामुळे पचवणारंही फारसं कोणी नाही.

आणि बाष्पीभवन. उन्हाळ्यात या भागात दिवसाला साधारण एक सेंटिमीटर पाणी उडून जातं. ३० बाय ३० च्या तळ्यातून ते रोज ९ हजार लिटर होतं. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार आणि घाण मागे राहते. बागेलाही रोज पाणी चाललेलं. मार्चमध्ये तळं अर्ध्यावर आलं, मासे मात्र तेवढेच आणि वजनाने दुप्पट-तिप्पट झालेले.

रात्री नेमकं काय घडतं

पाण्यात प्राणवायू किती विरघळेल याला मर्यादा आहे. अहिल्यानगर शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर आहे. या उंचीवर २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ८.४ मिलिग्रॅम प्राणवायू हवेतून विरघळू शकतो, ३० अंशाला सुमारे ७. म्हणजे पाणी तापलं की टाकी लहान होते, आणि त्याच वेळी माशाचा श्वास मात्र वाढतो. कार्प जातीच्या माशांना ५ मिलिग्रॅमच्या वर सुखाचं असतं. ३ च्या खाली ते खाणं सोडतात. १ च्या खाली काही तासांत मरतात.

दिवसा शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतं. दुपारी तीन-चार वाजता हिरव्या तळ्यात तो १२-१५ मिलिग्रॅमवरही जातो. सूर्य मावळला की कारखाना बंद, आणि तेच शेवाळ श्वासासाठी प्राणवायू वापरायला लागतं. मासे वापरतात, गाळातले जिवाणूही वापरतात. रात्रभर खर्च चालू, जमा शून्य. सगळ्यात कमी प्राणवायू असतो तो सूर्योदयाच्या थोडा आधी. म्हणून मासे पहाटेच वर येतात. पाण्याचा सगळ्यात वरचा, हवेला टेकलेला पातळ थर तेवढा श्वासाच्या लायक उरलेला असतो. मोठ्या माशाची गरज मोठी, म्हणून आधी तो जातो.

ढगाळ दिवस लागोपाठ आले तर दिवसाची जमाही होत नाही. श्रावणातल्या झडीत मासे मरतात ते यामुळे.

वळवाच्या पावसाची गोष्ट याहून वेगळी. शेततळं खोल आणि उभ्या कडांचं, चहूबाजूंनी भराव, त्यामुळे वारा पाणी ढवळत नाही. मे महिन्यात वर गरम पाण्याचा थर आणि खाली गार, प्राणवायू नसलेला, सडक्या अंड्याच्या वासाचा थर, अशी दोन मजली रचना तयार होते. वळीव पडला की गार पाणी वरून खाली जातं, खालचं वर येतं, आणि तासाभरात सगळं तळं तळासारखं होतं. लोक म्हणतात पहिल्या पावसाच्या पाण्यात काहीतरी असतं. पावसाच्या पाण्यात काही नसतं. असतं ते तळाशी, आणि ते आठ महिने तिथेच बसलेलं असतं.

मग विष कधी समजायचं?

विषबाधेत सहसा लहान मासे आधी मरतात, किंवा लहान-मोठे एकदम. वेळ पहाटेचीच असते असं नाही. मासे गोल गोल फिरतात, उसळ्या मारतात, तिरके पोहतात. पाण्यातले किडे, पिसवांसारखे उड्या मारणारे बारीक जीव, बेडकाची पिल्लंही मेलेली दिसतात. प्राणवायू कमी पडला असेल तर पाण्याचा रंग आदल्या दिवसांत गडद हिरवा झालेला असतो, किंवा एकाएकी तपकिरी पडलेला असतो.

पण विष म्हणजे शत्रूच असं नाही. फवारणीचा पंप तळ्याच्या कडेला धुणं, सायपरमेथ्रीनसारखं औषध वाऱ्याने उडून येणं, ठिबकमधून खत सोडताना मोटार बंद पडून पाणी उलटं येणं, एवढ्यानेही तळं साफ होतं. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना इतकी घातक आहेत की लिटरमागे मिलिग्रॅमचा बारीक अंशही पुरतो. शंका असेल तर त्याच सकाळी स्वच्छ बाटलीत पाणी आणि नुकतेच मेलेले, कल्ले अजून लाल असलेले मासे बर्फात ठेवावेत. दुपारपर्यंत कुजलेल्या माशावरून कुणालाच काही सांगता येत नाही, आणि मग उरतो तो फक्त संशय.

मासे वर आलेत, आता या क्षणी काय?

खाद्य बंद. पूर्ण बंद, दोन-तीन दिवस. उपाशी मासा मरत नाही, आणि पोट भरलेल्या माशाला श्वास जास्त लागतो.

मग पाणी हलवायचं. तळ्याचीच मोटार चालू करून पाणी उंचावरून, फवाऱ्यासारखं, परत तळ्यात पाडायचं. पाण्याचा थेंब हवेतून जितका फुटत जाईल तितका प्राणवायू घेऊन येतो. पंख्याचं एरेटर असेल तर उत्तमच. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी सोडायचं असेल तर पाइप पाण्यात बुडवून सोडू नये. जमिनीखालच्या पाण्यात मुळात प्राणवायू फार कमी असतो. ते भोकं पाडलेल्या पत्र्यावरून किंवा उतारावरून आपटत, फुटत आत यायला हवं.

इथे अडचण विजेची. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. माशांना ती हवी असते पहाटे दोन ते सात. सौरपंप लावलेल्यांना वाटतं आपला प्रश्न सुटला, पण सौरपंप ज्या वेळी चालतो त्या वेळी तळ्यात प्राणवायू मुबलकच असतो. तरी तो वाया नाही. दुपारी दोन-तीनला सौरपंपाने पाणी वर-खाली फिरवलं तर वरच्या थरातला जास्तीचा प्राणवायू तळाशी पोचतो आणि दोन मजली रचना बनतच नाही. रात्रीसाठी मात्र डिझेल इंजिन किंवा जनरेटर लागतोच. हजारो रुपयांचे मासे पाण्यात असताना तीन-चारशेचं डिझेल घरात न ठेवणं ही काटकसर नव्हे.

आता काय करू नये. मासे तडफडताना चुना टाकणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. कारण अमोनिया. पाण्यातल्या अमोनियाची दोन रूपं असतात, एक बरंचसं निरुपद्रवी आणि एक विषारी, आणि कोणतं किती हे ठरतं पाण्याच्या सामूवर. ३० अंश तापमानाला सामू ७ असेल तर विषारी भाग एक टक्क्याहूनही कमी. सामू ८ ला साडेसात टक्के. ९ ला जवळपास ४५ टक्के. कळीचा चुना सामू झपाट्याने वर नेतो. म्हणजे पाण्यात आधीपासून असलेला अमोनिया चुन्याने विषारी होतो, आणि शेतकऱ्याला वाटतं उपाय केला तरी मासे गेले.

दुसरी चूक मोरचुदाची. बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद घरात असतोच, आणि त्याने शेवाळ मरतं हेही खरं. पण एका दिवसात सगळं शेवाळ मेलं तर ते कुजतं, आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू खातं. शिवाय तांबं माशालाही विषारी. मिठाचंही तसंच: एका लिटरला एक ग्रॅम मीठ करायचं म्हटलं तर या तळ्याला दोन टनांहून जास्त लागेल, आणि तेच पाणी डाळिंबाला गेलं की बागेचं काय होईल हे सांगायला नको. मिठाचं पाणी टबात, आजारी मासे बुडवून काढण्यापुरतं ठीक.

दुकानात मिळणाऱ्या जिवाणूंच्या बाटल्यांबद्दल मतमतांतरं आहेत. काहींना फरक दिसतो, काहींना नाही. एवढं नक्की की घाण खाणाऱ्या त्या जिवाणूंनाही प्राणवायूच लागतो. हवा दिल्याशिवाय बाटली ओतणं म्हणजे पंगतीला आणखी पाहुणे बोलावणं.

पाणी मुळापासून सुधारायचं तर

आधी मोजायला हवं, आणि ते दिवसातून दोनदा: सूर्योदयापूर्वी आणि दुपारी तीन-चारला. एकदाच दुपारी मोजलेला प्राणवायू फसवतो. पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं तर प्राणवायूचा आकडा वाटेतच बदलतो, म्हणून तो तळ्यावरच बघावा लागतो. क्षार आणि बाकीच्या तपासण्यांसाठी बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथली कृषी विज्ञान केंद्रं, राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्याचं मत्स्यव्यवसाय कार्यालय ही विचारपूस करण्याची ठिकाणं. सामू, अमोनिया यांचे साधे किट बाजारात मिळतात.

किट नसेल तरी हात आहे. कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून तळवा बघायचा. पुसटसा दिसला, म्हणजे तीस सेंटिमीटरच्या आसपास, तर पाणी माशांसाठी छान. मनगटाच्या पुढेच दिसेनासा झाला तर शेवाळ फार. तळवा लख्ख दिसत असेल तर उलट अन्न कमी.

शेवाळ कोणतं हेही बघावं. काचेच्या बाटलीत पाणी भरून काही तास न हलवता ठेवायचं. हिरवा रंग तळाला बसत गेला तर साधं शेवाळ. वर साय धरली, रंग सांडल्यासारखी निळसर-हिरवी, तर ते निळं-हिरवं शेवाळ. त्यातल्या काही जाती विष तयार करतात. अशा तळ्याचं पाणी जनावरांना पाजू नये.

सामूचा दुपार-सकाळ फरक बोलका असतो. सकाळी साडेसात आणि दुपारी साडेनऊ असा झोका असेल तर शेवाळ हाताबाहेर गेलंय.

त्यानंतरची कामं क्रमाने येतात, आणि क्रम बदलला की खर्च वाया जातो. पहिलं काम मासे कमी करणं. मातीच्या तळ्याला हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली सांगतात. ३० बाय ३० चं तळं म्हणजे ०.०९ हेक्टर, त्या हिशेबाने ४५० ते ९००. एरेटर आणि नियमित पाणीबदल असेल तर जास्त चालतात. पण पाच हजार सोडून, वीज नसताना, सगळे जगतील अशी आशा धरणं हा जुगार आहे. जास्त झालेले मासे विकून टाकणं हाच पाणी सुधारण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि तो कुणालाच आवडत नाही.

दुसरं, तळाचं पाणी काढणं. कागदाला भोक न पाडता भरावावरून पाइप टाकून सायफन करता येतो; शेत तळ्याच्या तळापेक्षा खाली असेल तर मोटारही लागत नाही. पाइपाचं आतलं तोंड तळाला, बाहेरचं खालच्या वावरात. रोज पाच-दहा टक्के पाणी असं काढलं तर ते वाया जात नाही, कारण ते खतच आहे. ते ठिबकला जोडू नये, नळ्या चोंदतील. सरीने किंवा आळ्यात द्यावं. ज्या नत्राने मासे मरत होते त्यावर घास किंवा मका जोमाने येतो. बाग आणि मासे या दोघांचं भांडण मिटतं ते इथे: मोटारीचं तोंड अधूनमधून खाली नेलं की.

बदली पाणी कुठून आणायचं हा नगरमधला खरा प्रश्न. विहिरी-बोअरचं पाणी उपसून तळी भरण्यावर टीका होते, आणि ती रास्त आहे. जमिनीखालचं सावलीतलं पाणी उन्हात आणून वाळवायचं हा व्यवहार गावाला परवडत नाही. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवर बंदी घातली आणि गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला, तो याच जिल्ह्यात. म्हणून मार्चनंतर बदली पाणी नसेल तर मासे होळीच्या आत निम्मे काढावेत आणि उरलेले पाणी अर्ध्यावर यायच्या आधी. जुलै-ऑगस्टमध्ये बीज सोडलं असेल तर तोवर सात-आठ महिने झालेले असतात.

खाद्याचं साधं गणित आहे. पंधरा-वीस मिनिटांत संपेल तेवढंच टाकायचं. ढगाळ दिवशी कमी, पाऊस चालू असताना बंद. तरंगतं खाद्य महाग वाटतं, पण किती उरलं ते डोळ्याला दिसतं; बुडणारी पेंड किती वाया गेली ते कळतच नाही. शेणखत आणि कोंबडीखत टाकण्याचा सल्ला मातीच्या, पाणी फिकं असलेल्या तळ्यांसाठी आहे. हिरव्यागार कागदी तळ्यात शेण टाकणं म्हणजे आजाऱ्याला पुरणपोळी.

चुन्याचंही तसंच. इंटरनेटवर दिसतो तो चुन्याचा सल्ला बहुतेक वेळा पाणी आम्लधर्मी असलेल्या, जास्त पावसाच्या प्रदेशातून आलेला असतो. नगरची विहीर काळ्या पाषाणातली, पाणी सहसा जड आणि आधीच विम्लधर्मी. त्याला चुन्याची गरज बऱ्याचदा नसतेच. फक्त पावसाच्या पाण्यावर भरलेलं कागदी तळं असेल आणि तपासणीत क्षार फार कमी आले, तर कळीचा चुना न वापरता चुनखडीची पूड वापरावी. ती सामू आठ-सव्वाआठच्या पुढे नेत नाही.

एक जात मात्र कुठल्याही पाण्यात जगते: थाई मागूर. तो हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे सडलेल्या, काळ्या पाण्यातही तग धरतो आणि कोंबडीच्या टाकाऊ मांसावर वाढतो. म्हणूनच तो काही जणांना सोयीचा वाटला. देशात त्याच्या पालनाला बंदी आहे आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर राज्यात अशी तळी नष्ट करण्याची मोहीमही झाली. मासा जगला म्हणजे पाणी चांगलं, असं त्यामुळेच म्हणता येत नाही.

तळ्यात उतरण्याआधी

कागदी शेततळ्यात बुडून मृत्यूच्या बातम्या राज्यात दर उन्हाळ्यात येतात. प्लास्टिक शेवाळाने इतकं निसरडं होतं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही कडेवर चढता येत नाही, आणि वाचवायला गेलेला दुसराही आत जातो. पाणी तपासायला, मासे काढायला, गाळ उपसायला एकट्याने उतरू नये. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडलेले, काठाला हवा भरलेली ट्यूब, तळ्याभोवती कुंपण, एवढं मासे सोडण्याच्या आधी हवं. एरेटरची वायर पाण्याजवळून जाते, तिला गळतीवर वीज तोडणारा स्विच हवाच.

मे महिन्यातली सफाई आणि नवं बीज

बिघडलेलं तळं खऱ्या अर्थाने नवं होतं ते मे महिन्यात, पाणी तळाला गेल्यावर. लोखंडी फावडं आणि घमेलं आत नेलं की कागद फाटतो. रबरी वायपर, प्लास्टिकचं घमेलं आणि अनवाणी पाय, एवढ्यावर काम होतं. पातळ गाळ ढवळून चिखलाच्या पंपाने थेट शेतात सोडता येतो. कागदाच्या घड्यांमध्ये आणि कोपऱ्यांत साठलेला काळा थर राहून जातो, तिथेच हात फिरवावा लागतो. मग दोन-चार दिवस ऊन. मातीचं तळं असेल तर तळाला भेगा पडेपर्यंत वाळवायचं.

पावसाळ्यात तळं भरताना पहिल्या एक-दोन पावसांचं वाहून येणारं पाणी बाहेरच जाऊ द्यावं. त्यात शेतातली औषधं आणि खतं सगळ्यात जास्त असतात. आत येणाऱ्या चराच्या तोंडाशी लहान खड्डा घेतला तर गाळ तिथेच बसतो.

बीज आणल्यावर पिशवी लगेच कापायची नाही. आधी वीस-पंचवीस बोटुकली जाळीच्या पिंजऱ्यात घालून तळ्यात दोन रात्री ठेवायची. एक रात्र पुरत नाही, कारण पहिल्या पहाटे तग धरलेली दुसऱ्या पहाटे जाऊ शकते. दोन्ही सकाळी ती चपळ दिसली की बाकीचं बीज आणायचं, पिशव्या न उघडता पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायच्या, मग तोंड सोडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं, आणि मासे आपणहून बाहेर पडेपर्यंत थांबायचं.